सोवळ्यातली ऑरिक्युला

एप्रिलच्या अखेरीस ऑरिक्युला फुलते, आणि तिच्याकडे जायचं तर तिची पहिली अट पाळावी लागते: तोंडाला हात लावायचा नाही. तिच्या पानांवर, दांड्यावर आणि फुलाच्या मधोमध पांढरी पूड असते. पिठीसाखर चाळणीतून भुरभुरावी तशी नव्हे. ही पूड रोपाच्या अंगावरचे बारीक केस स्वतःच बाहेर टाकतात, आणि ती मुख्यतः फ्लेवोन नावाच्या द्रव्याची असते. त्या पुडीवर बोट टेकलं की ठसा उमटतो आणि तो तसाच राहतो. पावसाचा थेंब पडला की ओघळ उठतो, मग ते फूल प्रदर्शनातून बाद. झारीचं पाणीसुद्धा पानं चुकवून कुंडीच्या कडेनं घालायचं. लहानपणी आजी सोवळं नेसून देवघराकडे निघाली की आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी राहायचो. लँकशरमधल्या माझ्या काचघराच्या अरुंद वाटेतून मी आता तशीच अंग चोरून जाते.

एवढे नखरे पाहून लोक तिला नाजूक समजतात, आणि तिथेच तिचा घात होतो. प्रिम्युलांच्या गोतावळ्यातली ही मूळची आल्प्सची. चुनखडीच्या कड्यांच्या फटींत मुळं रुतवून, हिवाळाभर बर्फाखाली राहणारी. आजची बागेतली ऑरिक्युला तिथल्या दोन पहाडी जातींच्या संकरातून आली. थंडीचं तिला काही नाही. जानेवारीत कुंडीतली माती गोठून टणक होते, ती तशीच बसून असते. उष्मा मात्र सोसवत नाही. हौसेनं घरात आणून हीटरशेजारच्या खिडकीत ठेवलेली ऑरिक्युला हळूहळू मलूल होत जाते, आणि घरच्यांना वाटतं, अजून ऊब कमी पडतेय. तिच्या काचघरात शेगडी नसते. झडपा आणि दार जवळजवळ बारा महिने उघडी, जूनपासून काचेवर सावलीचं कापड. काच हवी ती फक्त डोक्यावर, पाऊस अडवायला. पुण्याहून कुणी बी मागितलं की मी पाठवत नाही; तिथल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तिचे हाल होतील.

हिवाळ्यात ती स्वतःला आवरून घेते. बाहेरची पानं पिवळी पडून वाळतात, मधे घट्ट मिटलेला, पुडीनं माखलेला गाभा उरतो. पाणी अगदी नावापुरतं. फेब्रुवारीच्या मध्यावर तो गाभा सैल होऊ लागतो, मग पाणी हळूहळू वाढवायचं. मार्चमध्ये पानांच्या मधून कळ्यांचा झुबका डोकावतो, दांडा वर चढतो आणि एकेक कळी आपापल्या जागी सपाट उघडते.

प्रदर्शनाच्या जातींपैकी कडेच्या ऑरिक्युलाचं एक फूल जवळून पाहावं, श्वास रोखूनच. मधोमध पिवळी नळी. तिच्याभोवती दाट पुडीचं शुभ्र, गुळगुळीत कडं. त्याला इथले लोक ‘पेस्ट’ म्हणतात. त्याबाहेर काळा किंवा काळसर लाल रंग, आणि तो शेवटी पिसासारखा फुटत हिरव्या काठात मिसळतो. हा काठ पाकळीचा म्हणावा तर तसा नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला एका उत्परिवर्तनातून पाकळीच्या कडेला चक्क पानाचं अंग आलं. त्या हिरव्यावर पूड नसली तर हिरवा काठ, विरळ असली तर राखाडी, दाट असली तर पांढरा. माझ्या मते फुलांच्या दुनियेत याहून विलक्षण रंगसंगती नाही, आणि तिच्यातला हिरवा रंग खरं तर पानाचा आहे.

नळीच्या तोंडाशी काय दिसतं यावरही तिचं भवितव्य ठरतं. पुंकेसरांचा झुबका दिसला तर ‘थ्रम’. कुक्षीचा गोल ठिपका वर आला असेल तर ‘पिन’, आणि पिन परीक्षकापुढे चालत नाही. ही दोन रूपं का असतात याचा उलगडा चार्ल्स डार्विननं 1862 च्या निबंधात केला: एका रूपाचा पराग दुसऱ्या रूपावर पडला की बी भरघोस धरतं. शौकीन मात्र पिढ्यान् पिढ्या थ्रमचा थ्रमशीच संकर करत आले. तरी बियांतून पिन उगवतातच. निसर्गानं आपला हट्ट सोडलेला नाही.

आता तिच्या माणसांबद्दल. फ्लेमिश विणकरांनी ती इंग्लंडला आणली ही गोष्ट अजून सांगितली जाते, पण तिला आधार नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसच्या हाताखाली ती बागेत रुळली, आणि 1597 मध्ये जॉन जेरार्डच्या वनस्पतिग्रंथात इंग्लंडमध्ये तिची नोंद दिसते. श्रीमंतांनी तिच्यासाठी छपराच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी मांडण्या बांधल्या. डर्बीशरच्या कॅल्क ॲबीत तशी एक जुनी मांडणी आहे आणि वसंतात अजून ऑरिक्युलांनी भरते. पण तिला खऱ्या अर्थानं घडवलं ते लँकशरच्या हातमागवाल्यांनी. माग घरातच होता. पावसाची सर आली की मागावरून उठायचं, कुंड्या आडोशाला ओढायच्या, परत येऊन बसायचं. स्पर्धा खानावळीत भरायच्या आणि बक्षीस तांब्याची किटली. खतांचा तर कहर होता. आयझॅक एमर्टननं 1815 च्या पुस्तकात हंसाची विष्ठा, खाटकाकडचं रक्त आणि साखर शुद्ध करताना निघणारी मळी यांचं मिश्रण सांगितलंय. असलं जहाल खत या पहाडी रोपाला मुळीच लागत नाही. त्यातून दिसतो तो त्या माणसांचा जीव. स्वतःच्या ताटात मांस क्वचित पडणारी माणसं होती ती.

यंत्रमाग आले, हातमाग गेले. पण ‘लँकशर हीरो’ ही त्या काळातली राखाडी काठाची जात नाव टिकवून आहे. नावाची जात बियांपासून मिळत नाही, फुटव्यांनीच चालवावी लागते. म्हणजे आज ज्या काचघरात ती दिसते तिथे असतं ते जुनंच रोप, हातोहात वाटत आलेलं. मधे कुणीच फुटवा काढला नसता तर ते कायमचं संपलं असतं. जुन्या पट्टेरी जाती तशाच नामशेष झाल्या. विसाव्या शतकात पट्टे नव्यानं पैदा करावे लागले.

म्हणून फुलं सरली की खरं काम सुरू होतं. रोप उपटून माती झटकायची. जाड मुळाला इथे ‘गाजर’ म्हणतात. त्याचं कुजलेलं टोक पांढरा, निरोगी भाग दिसेपर्यंत कापायचं. मुळांवर कापसासारखा मावा असेल तर धुवून काढायचा, आणि सोंड्याच्या पांढुरक्या, वाकड्या अळ्या बोटांनी माती चिवडून शोधायच्या. त्या राहिल्या तर शरद ऋतूत मुळं फस्त. फुटवे वेगळे करून लहान कुंड्यांत, निम्मी भरड खडी घालून लावायचे.

थंड मुलखात राहणाऱ्या आणि हे सगळं जमेल का म्हणून बिचकणाऱ्या प्रत्येकाला मी तिची बागेतली बहीण लावायला सांगते. तिच्या अंगावर पूड थोडी किंवा नाहीच, म्हणून काच नको, छप्पर नको. निचऱ्याची जमीन आणि दुपारची सावली मिळाली की ती उघड्या पावसात फुलते. तिला मधाचा वास आहे, आणि वाकून तोंड जवळ नेलेलं तिला चालतं.