फॉर्म बी आहे, पण भोंगा वाजेल का?

आमची सोसायटी भाईंदर पूर्वेला, खारीत. इमारत उंच असल्यामुळे फायर अलार्म, हायड्रंट, सिलिंडर सगळं बिल्डरनेच बसवलेलं. मी सेक्रेटरी झालो तेव्हा फायरची फाइल माझ्याकडे आली.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ अग्निशमन दलाला द्यावा लागतो. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं ते प्रमाणपत्र. आमच्या फाइलमध्ये असे फॉर्म तारखेवार लावलेले होते.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात, रात्री मीटर रूममध्ये वायर जळाली. इमारतीची वीज गेली. धूर जिन्याने वर चढायला लागला. वॉचमनने काच फोडून कॉल पॉइंटचं बटण दाबलं. तळमजल्यावरचा हूटर जेमतेम कुरकुरला. वर काहीच वाजलं नाही. शेवटी वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा दारं ठोकत वर गेले. अग्निशमन दल आलं, आग विझली, कुणाला इजा झाली नाही. पण सहाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू म्हणाल्या, “मला तर काहीच ऐकू आलं नाही.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म बी देणाऱ्या एजन्सीच्या ऑडिट करणाऱ्याला बोलावलं. सिलिंडरची मुदत, हायड्रंटचा दाब, जिन्यातलं सामान हे सगळं त्याला चोख माहीत होतं. अलार्मच्या पॅनेलवर मात्र तो फक्त हिरवा दिवा बघायचा. शेजारी पिवळा दिवा लागलेला होता. तो फॉल्टचा. “ते अलार्मवाल्यांचं काम,” तो म्हणाला. अलार्मच्या देखभालीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “ऑडिटमध्ये पास झालंय ना?” दोघांच्या मध्ये आम्ही.

मग ओळखीतून दुसऱ्या एजन्सीचे एक जुने जाणकार आले. त्यांनी आधी पॅनेलची वीज बंद करायला लावली. बॅटरीवर पॅनेल लगेच मान टाकून बसलं. बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. या बॅटऱ्या साधारण तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. लॉबीतल्या काही डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या तशाच होत्या. वरच्या हूटरची वायर कुणीतरी केबल टाकताना तोडली होती. खाडीच्या दमट हवेने जोड गंजले होते.

नंतर त्यांनी खोटे अलार्म किती वेळा वाजले, त्याची वही मागितली. वही नव्हती. वॉचमन म्हणाला, “पूर्वी सारखा वाजायचा, म्हणून आवाज बंद करून ठेवला.” डिटेक्टरमध्ये धूळ किंवा किडे गेले की असं होतं, तो साफ करायचा, आवाज बंद करायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

त्यांनी पॅनेल उघडून दुरुस्ती केली नाही. म्हणाले, “ते माझं काम नाही. पण हा अलार्म झोपलेल्या माणसाला जागं करेल की नाही, हे मला सांगता यायलाच पाहिजे.” आयएस 2189 या भारतीय मानकात त्यासाठी उशाशी 75 डेसिबल आवाज सांगितला आहे. दुरुस्ती झाल्यावर त्यांनी बेडरूमची दारं लावून आवाज मोजला. काही घरांत तो कमी भरला, म्हणून हूटर वाढवले. वर्गणीवरून मीटिंगमध्ये बरीच वादावादी झाली. पुढच्या चाचणीला काकू कानावर हात ठेवून बाहेर आल्या, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला लागलेल्या आगीत 10 नवजात बाळं गेली, तेव्हा रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. ऑडिट हवंच. पण करणाऱ्याला अलार्म कळतो का, हे आपणच तपासायचं आहे.

म्हणून पुढच्या फॉर्म बीच्या आधी एवढं करा. पॅनेलची वीज बंद करून कॉल पॉइंट दाबायला लावा. सगळ्यात वरच्या घरात दार लावून कुणाला तरी बसवा. पिवळा दिवा का लागलाय, ते विचारा. खोट्या अलार्मची वही ठेवा. चाचणीची नोटीस आदल्या दिवशी लावा, म्हणजे घबराट होणार नाही. आणि ऑडिटवाला “अलार्म माझा विषय नाही” म्हणाला, तर त्याच्याकडून प्रमाणपत्र घेऊ नका. दुसरा माणूस शोधा.