सांगून जा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की आमच्याकडे पोटदुखीची साथ येते. परिपाठ संपता संपता पहिलीतलं एखादं लेकरू पोट धरून बसतं. खिचडी शिजेपर्यंत आणखी दोघं-तिघं. उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन बघतात. जंताची गोळी झालेली असते, ताप नसतो, जुलाब नसतात. घरी पाठवावं तर घरी आजी असते, आणि आजीजवळ जाऊनही पोट दुखायचं थांबत नाही.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात माझी शाळा आहे. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. जमीन कोरडवाहू, त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की गावातली तरणी माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली आणि खर्चही झालेली असते, म्हणून जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. राज्यातले सर्वांत जास्त ऊसतोड मजूर आमच्याच जिल्ह्यातून जातात आणि कारखाने बंद होईपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत.

काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून आम्ही त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो. बाकीची गावात आजी-आजोबांकडे राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, मुलांना सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. मंजुरी वेळेवर आली तर जेवणाची चिंता मिटते. पोटदुखी मात्र जेवणाची नव्हतीच.

ती कशाची आहे हे मला एका आजीनं सांगितलं. नातू रात्री झोपत नाही, दिवा मालवू देत नाही, असं म्हणता म्हणता ती म्हणाली, "म्याडम, पोरगं झोपल्यावर गेले ते. ट्रक रातच्यालाच आला. उठवलं असतं तर आयच्या गळ्यात पडलं असतं, मग तिचा पाय निघाला नसता."

घरोघरी विचारलं तर बहुतेक ठिकाणी हेच. ट्रक-ट्रॅक्टर रात्री किंवा पहाटे येतो. भांडीकुंडी, पिठाची पोती, सरपण, कोंबड्या सगळं चढवायचं असतं, मुकादमाची घाई असते. रडणाऱ्या लेकराला मागे ठेवून ट्रकमध्ये चढायचं कुठल्या आईला जमणार? म्हणून लेकराला झोपेत सोडून जायचं. यात निष्ठुरपणा नाही, उलट मायाच आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला त्यातून कळतं ते एवढंच: आपण डोळे मिटले की माणूस निघून जातं. मग ते रात्री झोपत नाही. दुपारी शाळा सुटताना चारदा विचारतं, "म्याडम, तुम्ही उद्या येणार ना?" आणि आतली धास्ती सांगायला शब्द नसले की पोट दुखतं. ते दुखणं खोटं नसतं. 'नाटक करतोय' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

पुढच्या हंगामाआधी, दसऱ्याच्या तोंडावर, मी पालकसभा बोलावली. अभ्यास, हजेरी, गणवेश हे विषय बाजूला ठेवून एकच गोष्ट मांडली: लेकराला उठवा आणि सांगून जा. सभेत आधी कुजबुज झाली. मग एक बाप म्हणाला, "रडलं तर?"

"रडेल. रडू द्या."

"आन् आमचं काय?" एक बाई म्हणाली. तिच्या कडेवर लहानगं होतं, ते ती बरोबर नेणार होती. मोठी, दुसरीतली, मागे राहणार होती. या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "तुम्हीही रडा, पण तिच्यासमोर," एवढंच म्हणाले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून काय सांगायचं ते ठरवलं. कुठे चाललो, कुणाबरोबर चाललो, तू कुणाजवळ राहणार, रात्री कुणाजवळ झोपणार, शाळेला कोण सोडणार. आणि जाताना आईचं एखादं जुनं लुगडं पांघरायला ठेवायचं, धुऊन नाही, तसंच.

परत कधी येणार, हा सगळ्यांत अवघड प्रश्न. माणसं सहज म्हणून जातात, "आठ दिवसांत येतो, बाजाराला चाललोय." आठ दिवस सरतात, आणि मुलाच्या लेखी मोठ्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत नाही. आम्ही ठरवलं, खोटी तारीख द्यायची नाही. खरी तारीख तर कुणालाच ठाऊक नसते. पट्टा कधी पडणार, म्हणजे हंगाम कधी संपणार, हे कारखाना आणि फडात उभा असलेला ऊस ठरवतो. म्हणून वर्गाच्या भिंतीवर सणांची लांब पट्टी लावली. संक्रांत, सव्वीस जानेवारी, शिवजयंती, होळी, पाडवा. "होळी होईपर्यंत नक्की नाही. होळीनंतर केव्हाही. पाडव्याच्या आसपास बघू." दर सोमवारी एक मूल पट्टीवरचा बाण पुढे सरकवतं. दिवस लांबच असतात, पण ते सरकताना दिसतात.

याचा उपयोग झाला का? ज्यांना सांगून आईबाप गेले ती मुलं पहिल्या आठवड्यात जास्त रडली. अगदी हुंदके देऊन, परिपाठातसुद्धा. आमचे सहकारी सर म्हणाले, "म्याडम, हे तर वाढलंच." पण ते रडणं उघडं होतं, त्याचं कारण सगळ्या वर्गाला माहीत होतं, आणि रडणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी सरकून बसत होतं. संक्रांतीपर्यंत हीच मुलं मैदानात होती. पोटदुखी संपली नाही, कमी झाली. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

फोनचं गणित वेगळंच निघालं. मला वाटायचं, आठवड्यातून एकदा शाळेतून फोन लावून द्यावा. पण तोडणारी माणसं उजाडायच्या आत फडात असतात, आणि गाडी भरायची पाळी आली की मध्यरात्रीही मोकळी नसतात. शाळेच्या वेळात फोन लागत नाही, लागला तर आई घाईत असते, आणि अर्धवट तुटलेला फोन मुलाला जास्त लागतो. त्यावर उपाय एका आईनंच काढला. रात्री कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, आल्यावर तिनं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून माझ्या व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आज काय शिजवलं, बैल कसा अडला, शेजारच्या कोपीतली कुत्री व्याली. लेकीनं ते मधल्या सुट्टीत कितीदा तरी ऐकलं. मग इतरांनीही पाठवायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना टोळीतल्या कुणीतरी मदत केली. मुलं उलट निरोप पाठवतात. त्यात 'मी बरा आहे' क्वचितच असतं. बहुतेक वेळा शेळीची खबर असते.

परिपाठानंतर आम्ही गोल करून बसतो. ही पद्धत आमच्या भागात नवी नाही. 'मूल्यवर्धन' हा उपक्रम २००९ साली बीड जिल्ह्यातल्याच शाळांतून सुरू झाला, त्यामुळे जोडीनं बोलणं, ऐकणाऱ्यानं मध्ये न बोलणं हे जुन्या शिक्षकांच्या हाताला आहे. मी त्यात एकच नियम पक्का केला: बोलायची सक्ती नाही. ज्याला बोलायचं नाही त्यानं 'पुढे' म्हणायचं, आणि पुढचा बोलतो. मन मोकळं कर म्हणून मागे लागलं की मूल उलट मिटून घेतं. काही मुलं महिना-महिना 'पुढे' म्हणतात आणि एक दिवस सगळं बोलून टाकतात.

रडणाऱ्या मुलाकडे कुणाचंही लक्ष जातं. मला भीती वाटते ती शहाण्या मुलींची. चौथीत एक होती. हजेरी पूर्ण, वही स्वच्छ, धाकट्या भावाचं नाक पुसून त्याला पहिलीच्या रांगेत उभं करूनच ही आपल्या रांगेत यायची. पहाटे भाकरी टाकायची, आजीच्या गोळ्या सांभाळायची. गावात सगळे तिचं कौतुक करायचे, आम्हीही करायचो. खेळाच्या तासाला ती कट्ट्यावर दप्तरं राखत बसायची. तिला त्रास आहे असं कुठल्याच नोंदीत दिसत नव्हतं. आम्ही दोन गोष्टी केल्या. दप्तरं खोलीत कुलूप लावून ठेवायला लागलो, म्हणजे राखायला काही उरलं नाही. आणि शाळेपुरता तिचा भाऊ सरांच्या ताब्यात दिला, तसं तिला स्पष्ट सांगितलं. लंगडीत ती अशी काही खेळायची की समोरचा संघ भांडायला उठायचा. त्या भांडणात ती मोठ्यानं ओरडली, तेव्हा मला बरं वाटलं.

मारकुट्या मुलांचं निराळं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं, हे कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. तरीही आज्या सांगतात, "चार ठेवून द्या म्याडम, सुतासारखा येईल." एका तिसरीतल्या मुलाला आम्ही घंटेचं काम दिलं. दिवसातली प्रत्येक घंटा त्यानं द्यायची, वेळापत्रक त्याच्या खिशात. आता काय होणार आणि मग काय होणार, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायला लागलं. हाणामारी थांबली नाही, पण पुढची घंटा चुकेल म्हणून तो भांडण अर्धवट टाकून पळायचा.

काही ठिकाणी शिक्षकाचा हात पुरत नाही, हे ओळखणं कामाचाच भाग आहे. एक मूल आठवड्यांमागून आठवडे घरी-दारी कुठेच बोलेना, खाणं सुटलं. आजीनं दृष्ट काढली, अंगारा लावला. मी त्याला विरोध केला नाही. "ते करा, आणि डॉक्टरांकडेही चला," म्हणाले. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं. २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. तिथे आधी मीच बोलले, मग आजीला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. मुलाला काय झालंय याला नाव देणं माझं काम नव्हतं. झोप, खाणं, बोलणं कधीपासून बदललं, हे वहीत लिहून ठेवलेलं डॉक्टरांना दिलं, तेवढं माझं काम.

आणखी एक पथ्य. "कुणाला सांगू नका म्याडम," असं मूल म्हणालं तरी गुपित ठेवायचं वचन मी देत नाही. आईबाप दूर असलेली लेकरं कुणाच्याही हाती लागू शकतात. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून आधीच सांगते, "तुला जपायला लागणार असेल तर मला सांगावं लागेल, पण कुणाला सांगते ते तुला आधी सांगेन." १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना पाढ्यांसारखा पाठ आहे.

सगळ्यांना वाटतं, आईबाप परत आले की झालं. पण एप्रिलमध्ये वेगळंच नाट्य घडतं. आई ट्रकमधून उतरते आणि लेकरू आजीच्या पदराआड जातं. लहानगं तर आजीलाच आई म्हणतं. आई दुखावते, बाप खाऊ दाखवून बोलावतो, मूल आणखी दूर सरतं. म्हणून आता पाडव्याच्या सुमाराला परतलेल्या आयांना शाळेत बोलावून सांगते की हा राग आहे, विसरणं नाही. ज्याची वाट बघितली त्याच्यावरच तो निघतो. चार दिवस ओढू नका. जवळपास काम करत बसा, ते आपणहून येईल. एक आई म्हणाली, "मी बी माझ्या आयवर असंच रुसायचे." तीही ऊसतोडीतलंच लेकरू होती.

यंदा माझी ऑनलाइन बदली झाली. रीत अशी की मे महिन्यात आदेश येतो, शाळा बंद असते, आणि जूनमध्ये मुलांना दारात नव्या बाई दिसतात. आदेशाची चाहूल लागली तेव्हाच, उन्हाळी सुट्टीआधी, मी वर्गात सांगितलं की जूनपासून मी इथे नसेन, बहुधा दुसऱ्या तालुक्यात असेन. कुणी रडलं, कुणी लगेच खेळायला गेलं. दुसऱ्या दिवशी घंटेवाल्यानं सगळ्यांच्या वतीनं प्रश्न आणले: नव्या बाई कुठून येणार, मारतात का, घंटेचं काम काढून घेणार का, आणि आईचं बोलणं कुणाच्या फोनवर येणार. नाव अजून ठरलेलं नाही, हे मी सांगितलं. मारायला कायद्यानं बंदी आहे, हेही सांगितलं. घंटा आणि फोन यांचं सरांशी बोलून ठरवलं. घंटा त्याच्याकडेच राहील, आणि आईचं बोलणं सरांच्या फोनवर येईल. सरांचा नंबर मी त्याच दिवशी सगळ्या टोळ्यांना पाठवला.