साबुदाणा, नागली आणि समुद्रापारची बिस्किटं

मुलांनो, वेस्ट इंडीज म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? क्रिकेट! पण जमैका, त्रिनिदाद, ग्रेनाडा या बेटांचं आणि आपल्या नगर जिल्ह्याचं एक गोड नातंही आहे, बरं का. ते शोधायला विमान लागत नाही. एसटी पुरते.

चला, आधी नगर शहरात उतरू. अहमद निजामशहाने 1490 साली वसवायला घेतलेलं हे जुनं शहर. 2024 मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या नावावरून त्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. पण एसटी स्टँडवर अजूनही 'नगर, नगर' अशीच हाक ऐकू येते.

बाजारातल्या कुठल्याही किराणा दुकानात डोकावा. पांढराशुभ्र साबुदाणा दिसेल. आषाढी असो की नवरात्र, खिचडीवाचून आपलं चालत नाही. हा साबुदाणा बनतो कसाव्याच्या कंदापासून. कंद सोलतात, किसून पाण्यात कालवतात, आणि खाली बसलेल्या सत्त्वाचे गोल दाणे करून भाजून वाळवतात. त्याचे मोठे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास आहेत. पण कसावा मूळचा तिथलाही नाही! तो दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या काळात तो समुद्र ओलांडून आला, आणि 1880 ते 1885 या काळात त्रावणकोरचे राजे असलेल्या विशाखम तिरुनाळ यांनी, भाताची टंचाई झाली तर गरिबांच्या पोटाला आधार हवा म्हणून, त्याची लागवड वाढवली.

कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी मात्र कोलंबसच्या कितीतरी आधीपासून कसावा खात होते. हे काम सोपं नव्हतं. कडू जातीच्या कच्च्या कंदात विष असतं! ते लोक कंद किसायचे, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचे, विषारी रस काढून टाकायचे आणि उरलेल्या चोथ्याची भाकरी तव्यावर भाजायचे. जमैकात ही भाकरी आजही होते. तिला म्हणतात 'बॅमी'. आहे की नाही आपल्या भाकरीची चुलतबहीण?

आता एसटीने लोणीला जाऊ. इथे प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून तो उभा केला. ऊस मूळचा आपल्या बाजूचा, आशियाचा. कोलंबसने 1493 च्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. पुढे त्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना गुलाम म्हणून राबवलं. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते. मग 1845 साली भारतीय मजुरांचं पहिलं जहाज त्रिनिदादला पोहोचलं. साखरेचा इतिहास असा कडूही आहे.

म्हणजे बघा, तिकडचा कसावा इकडे आला आणि इकडचा ऊस तिकडे गेला. आलंही आशियातूनच गेलं. जायफळ तर ग्रेनाडाला इतकं मानवलं, की त्या देशाच्या झेंड्यावरच जाऊन बसलं! तिकडच्या बिस्किटांत सुंठ, जायफळ, दालचिनी आणि नारळ दरवळतो, तो असा.

आता शेवटचा मुक्काम अकोले तालुका. कळसूबाईचं 1646 मीटर उंच शिखर इथलंच. त्याच्या परिसरातल्या डोंगरउतारांवर नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई पिकते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली, म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला हवं आहे तिथलं नागलीचं पीठ.

का? नुसत्या साबुदाण्याच्या पिठात असतो फक्त स्टार्च. कसाव्याच्या पिठात अख्खा कंद वाळवून दळलेला असतो, ते वेगळं. साबुदाण्याला नागलीची जोड दिली, की बिस्किटं चवदार होतात आणि पौष्टिकही.

साहित्य लिहून घ्या. एक वाटी साबुदाणा मंद आचेवर भाजून, गार करून मिक्सरमध्ये दळा आणि चाळा. एक वाटी नागलीचं पीठ, पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी वाटी तूप, दोन चमचे खोबऱ्याचा कीस, एक चमचा सुंठपूड, पाव चमचा जायफळपूड, अर्धा चमचा दालचिनीपूड, चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा.

तूप-गूळ फेसा, बाकीचं मिसळा, लागेल तसं चमचा-चमचा दूध घालून गोळा करा. चपट्या वड्या थापा. जाड कढईत मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा. मग वड्यांची ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं भाजा. कढईजवळ आई किंवा बाबा हवेतच! गरम असताना बिस्किटं मऊ लागतील. हात लावू नका, गार झाली की खुसखुशीत होतात.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. काही मुलांना सिलिॲक नावाचा आजार असतो. गव्हातल्या ग्लुटेनने त्यांच्या आतड्याला इजा होते. वाढदिवसाला वर्गात बिस्किटं वाटली, की ती मुलं हात मागे घेतात. 'एकच खा, काही होत नाही' असं त्यांना कधी म्हणू नका. एकाच काय, चुऱ्यानेही होतं! साबुदाण्यात आणि नागलीत ग्लुटेन नाही. पण गिरणीत नागलीच्या आधी कुणी गहू दळला असेल, तर ते पीठही त्यांना चालत नाही. बेकरीच्या भट्टीतल्या मैदा लागलेल्या पत्र्यांचंही तसंच. म्हणून अशा मित्रासाठी करायची असतील तर नागली निवडून, धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरमध्येच दळा, मसालेही घरीच कुटा, आणि त्याच्या आईला आधी सगळं विचारा.

पुढच्या वाढदिवसाला एक डबा असा करून बघाच. वर्गात डबा फिरला, तर कुणालाही हात मागे घ्यावा लागू नये!