पुसता येणारी पाटी

पाटी म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेली दगडाची पातळ फरशी. हा काळा दगड थराथरांनी सुटतो, म्हणून त्याचे सपाट, हलके तुकडे काढता येतात. पाट्यांसाठी आंध्र प्रदेशातले मार्कापूर आणि पाटीवरच्या पेन्सिलींसाठी मध्य प्रदेशातले मंदसौर ही गावे भारतभर ओळखली जात. मंदसौरच्या कारखान्यांत पेन्सिली कापताना उडणाऱ्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होई. मुलांच्या दप्तरातली ही स्वस्त वस्तू बनवणाऱ्यांना अशी महाग पडत होती.

शिकण्याच्या दृष्टीने पाटीचे गुण तीन. तिच्यावर लिहिलेले लांबून दिसते, हाताने पुसता येते आणि पुसल्यावर त्याचा मागमूस राहत नाही. वहीचे नेमके उलटे आहे. ती मिटलेली असते, खाडाखोड जपून ठेवते आणि वर्षाच्या शेवटी पुरावा म्हणून उभी राहते. महाराष्ट्रात शिकलेल्या, तिथेच शिकवलेल्या आणि पुढे कॅनडातल्या ओकव्हिलमध्ये शिकवू लागलेल्या शिक्षिकेच्या आयुष्यात पाटी तीनदा येते. प्रत्येक वेळी तिचा एक वेगळा गुण कामाला येतो.

पाटीच्या आधी धूळपाटी होती. पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरून मुले तीत अक्षरे काढत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख असताना अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने स्थानिक शाळेतली मुले बोटाने वाळूत लिहिताना पाहिली. ती रीत त्याने आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. १७९८ मध्ये लंडनमध्ये शाळा काढणाऱ्या जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीत दगडी पाटीचा भरपूर वापर केला. त्याच्या शाळेत हुकूम सुटला की सगळा वर्ग एकदम पाट्या उंचावून दाखवी. बेलची ‘मद्रास पद्धत’ १८२० मध्ये यॉर्क गावातल्या अप्पर कॅनडा सेंट्रल स्कूलमध्ये पोहोचली. हे यॉर्क म्हणजेच पुढचे टोरांटो. त्याच्या नैर्ऋत्येला, ऑन्टारियो सरोवराच्या काठी ओकव्हिल वसले ते त्यानंतर, १८२७ मध्ये.

पाटीची पहिली भेट पहिलीच्या वर्गातली. १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या दप्तरात पाटी, पेन्सिलीचा तुकडा, ओला बोळा आणि बालभारतीचे पुस्तक एवढाच संसार असे. काही पाट्यांच्या चौकटीत तारेवर ओवलेले मणी असत, काही पत्र्याच्या असत आणि त्यांवर एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला चौकटी आखलेल्या असत. पेन्सिल लिहिण्याइतकीच खाण्याच्याही कामी येई. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांतून सरस्वती उमटे, तिची पूजा होई आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाटीवर पुन्हा पाढे येत.

अक्षरओळख गिरवण्याने होई. बाई किंवा गुरुजी पाटीवर ठसठशीत अक्षर काढून देत आणि मूल त्यावरून पेन्सिल फिरवत राही, इतके की मूळ अक्षर पांढऱ्या जाडीत बुडून जाई. ग, म, भ, न ही उभ्या दांडीची अक्षरे एका गटात येत, म्हणजे हाताला एक वळण बसले की चार अक्षरे जमत. शुद्धलेखनाच्या वेळी मात्र पाटीचे दुसरे रूप दिसे. शेजाऱ्याने बघू नये म्हणून एक हात आडवा आणि चूक लक्षात आली की दुसऱ्या हाताचा पंजा पाटीवर. मुलाची चूक त्याच्याजवळच राही आणि तिथेच संपे. दुसरी-तिसरीत वही आली, शाई आली आणि पहिल्यांदाच चूक उरू लागली. नीटनेटक्या वहीचे कौतुक सुरू झाल्यावर कित्येक मुले न येणारा शब्द लिहिण्याऐवजी जागा सोडू लागतात. कोरी जागा खोडलेल्या शब्दापेक्षा स्वच्छ दिसते, हे ती फार लवकर ओळखतात.

दुसरी भेट डी.एड. नंतरची, शिक्षिका म्हणून. पाठ टाचण, फलकलेखन, हजेरी आणि वह्यांचे गठ्ठे यांत तिची सुरुवातीची वर्षे जातात. वह्या तपासण्याची अडचण अशी की त्या घरी न्याव्या लागतात. लाल शाईची दुरुस्ती मुलाच्या हातात दुसऱ्या दिवशी पडते आणि तोवर चूक करतानाचा विचार विरून गेलेला असतो. पाट्या मात्र वर्गातच, वर्ग चालू असताना तपासता येतात. चाळीस पाट्या वर झाल्या की कोण चुकले हे कळतेच, पण सगळे एकाच प्रकारे चुकले का, हेही कळते. त्रेचाळीस वजा अठराचे उत्तर तिघांनी पस्तीस लिहिले तर तिघांचे दुर्लक्ष झाले असे म्हणता येईल. पंधरा जणांनी लिहिले तर त्यांनी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा एक नियम मनाशी बांधलेला आहे आणि हातच्याचा पाठ नव्याने घ्यायला हवा. अशा वेळी चुकीचे उत्तर शिकवण्याबद्दलची माहिती देते.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि या निरीक्षणाला शासकीय नाव मिळाले. शिकणे चालू असताना करायचे ते आकारिक मूल्यमापन, सत्राच्या शेवटी करायचे ते संकलित. त्याच वर्षी ऑन्टारियोच्या शिक्षण खात्याने ‘ग्रोइंग सक्सेस’ हे धोरण प्रसिद्ध केले. त्यात शिकण्यासाठी मूल्यमापन, शिकणे म्हणून मूल्यमापन आणि शिकलेल्याचे मूल्यमापन असे तीन भाग आहेत. मात्र महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापनाच्याही नोंदवह्या भराव्या लागल्या आणि पुसून टाकण्याजोगे काम पुन्हा कागदावर चढले.

तिसरी भेट ओकव्हिलची. २०२१ च्या जनगणनेत २,१३,७५९ वस्ती असलेले हे शहर कायद्याने आजही ‘टाउन’ आहे. सरकारी शाळेत शिकवायचे तर ऑन्टारियो कॉलेज ऑफ टीचर्सचे प्रमाणपत्र लागते. ते मिळवून वर्गात शिरलेल्या भारतीय शिक्षिकेला तिथे पाटी ओळखू येते. ती पांढरी, प्लास्टिकच्या पृष्ठभागाची असते, तिच्यावर मार्कर चालतो आणि बोळ्याच्या जागी घरून आणलेला जुना मोजा असतो, ज्यात मार्करही राहतो. प्रश्न विचारायचा, विचाराला वेळ द्यायचा आणि मग सगळ्यांनी पाटी वर करायची. हात वर करण्याच्या पद्धतीत तीच चार-पाच मुले बोलतात, पाटीवर प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब आणि विचारी होतात. मुले पाटीवर लिहितात तेवढा वेळ शिक्षिकेला आपोआप थांबावे लागते.

लँकेस्टरच्या हुकमाशी याचे साम्य वरवरचे आहे. त्याच्या शाळेत पाटी वर झाली की बरोबर-चूक ठरे आणि पुढचा शब्द येई. इथे पाट्या वर झाल्यावर खरे काम सुरू होते. दोन वेगळी उत्तरे शेजारी ठेवून वर्गाला विचारले जाते की दोघांनी कसा विचार केला असेल. ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचे पीटर लिल्येदाल यांनी गणिताच्या वर्गांत अनेक वर्षे निरीक्षणे करून याची पुढची पायरी मांडली. तिघांचा गट, एक मार्कर आणि भिंतीवरचा उभा फळा. पुसता येणाऱ्या पृष्ठभागावर मुले कागदापेक्षा लवकर लिहायला लागतात आणि खात्री नसलेले पाऊलही टाकून बघतात, असे त्यांना आढळले. त्यांचे पुस्तक २०२० मध्ये आले आणि ऑन्टारियोतल्या अनेक वर्गांच्या भिंती अशा फळ्यांनी भरल्या.

सुटीच्या दिवशीच्या मराठी वर्गात या पाटीचा उपयोग आणखी वाढतो. ऑन्टारियोने १९७७ मध्ये वारसा भाषांचा कार्यक्रम सुरू केला. पुढे ‘आंतरराष्ट्रीय भाषा’ असे नाव घेतलेल्या या कार्यक्रमात आठवड्याला अडीच तासांपर्यंत आईवडिलांच्या भाषेचे वर्ग घेता येतात. मराठी मंडळे आणि पालकही आपापले वर्ग चालवतात. तिथे येणाऱ्या मुलाला ‘चहात साखर कमी आहे’ हे समजते, उत्तर मात्र ते इंग्रजीत देते. त्याच्याकडे मराठी कानाने आलेली असते, हाताने नाही. त्याच्या चुकाही पहिलीतल्या महाराष्ट्रीय मुलाच्या नसतात. त आणि ट, द आणि ड यांतला फरक त्याला आधी ऐकू यावा लागतो. ‘कि’ लिहिताना ते आधी क काढते आणि मग मागे वळून वेलांटी चढवते, कारण उच्चारात ती नंतर येते. वहीत हे कळत नाही, तिथे तयार ‘कि’ दिसतो. पाटीवर लिहिणारा हात दिसतो, म्हणून मूल अक्षराकडे कसे पोहोचते तेही दिसते.

मुलाच्या घरच्या भाषेने शाळेतल्या इंग्रजीचे नुकसान होईल ही पालकांची धास्ती जुनी आहे. टोरांटो विद्यापीठाचे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले की एका भाषेत पक्की झालेली वाचन-लेखनाची समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. ओकव्हिलच्या शेजारच्या मिसिसॉगा शहरातल्या थॉर्नवुड पब्लिक स्कूलमध्ये मुलांनी इंग्रजी आणि घरची भाषा अशा दोन्हींत पुस्तके लिहिली, तो प्रकल्प याच विचाराने उभा राहिला. मराठी वर्गाला त्यातून एक सोपी रीत मिळते. गोष्टीचा कच्चा खर्डा पाटीवर, दोन्ही भाषा मिसळूनही चालेल. पक्की प्रत कागदावर, दोन स्वतंत्र भाषांत.

पाटीच्या मर्यादाही याच गुणांतून येतात. जे पुसले जाते त्यावरून प्रगती दाखवता येत नाही. सप्टेंबरात तीन अक्षरे लिहिणारे मूल जूनमध्ये परिच्छेद लिहिते, हे पालकांना आणि स्वतः मुलाला कळायला जपलेला कागद लागतो. ऑन्टारियोच्या प्रगतिपुस्तकात चार स्तर असतात, तिसरा हा प्रांताचा अपेक्षित स्तर, आणि जबाबदारी, सहकार्य यांसारख्या सहा सवयींची नोंद गुणांपासून वेगळी होते. या नोंदींना आधार हवा म्हणून हल्ली पाटीचा मोबाइलवर फोटो घेतला जातो. फोटो निघणार हे ठाऊक असले की मूल पाटीवरही वहीसारखे लिहू लागते. अक्षर सुबक येते, धाडस कमी होते.

म्हणून दोन्हींची कामे वाटून द्यावी लागतात. नवी कल्पना, पहिला प्रयत्न, अंदाज आणि वाद यांना पाटी. ठरलेली रीत, पूर्ण झालेले लेखन आणि महिन्याकाठी निवडलेला एखादा नमुना यांना वही, आणि तो नमुना मुलाने स्वतः निवडावा. फोटो घ्यायचा तर आधी सांगून, उत्तर पक्के झाल्यावर. गुण वहीवरच्या कामाला द्यावेत, पाटीवरच्या कामाला कधीही नाहीत. हा शेवटचा नियम सुटला की मुले कोऱ्या जागा सोडू लागतात, आणि पाटी दगडाची आहे की प्लास्टिकची याने मग काही फरक पडत नाही.