परत येणारा अर्ज

लहानपणी आमच्या घरात कुठलाही अर्ज दोनदा भरला जाई. वडील आधी पेन्सिलीनं भरत, मग शाईनं गिरवत. शिष्यवृत्तीचा असो की रेशन कार्डावर नाव चढवायचा, धास्ती एकच, खिडकीतून तो परत येईल. आणि तो यायचाच. “अपूर्ण आहे,” एवढंच ऐकायला मिळे. खोदून विचारलं तर एक उणीव कळे. ती भरून पुन्हा रांग धरली की दुसरी. शेतातलं काम टाकून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जाई. सगळ्या उणिवा एकदम सांगायला कुणाचं काय जात होतं, हा राग तेव्हापासून माझ्या मनात आहे.

पुढे अर्ज संगणकावर आले, खिडकी गेली. सायबर कॅफेत बसून प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला, ‘सबमिट’ दाबलं, वर एक लाल ओळ उमटली आणि खालचे सगळे रकाने कोरे. वडिलांचं उत्पन्न, दाखल्याचा क्रमांक, दहावीचे गुण, सगळं पुन्हा. कागदावर निदान लिहिलेलं पुसलं जात नव्हतं.

म्हणून गावच्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचं छोटं ॲप रूबीत लिहायला घेतलं, तेव्हा माझा जीव या परत येणाऱ्या अर्जातच अडकला. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांपुढे आणलेली ही भाषा प्रोग्राम लिहिणाऱ्याला आनंद व्हावा अशा विचारानं घडवलेली आहे. तो आनंद अर्ज भरणाऱ्यापर्यंत पोचवणं आपल्या हाती. वेबच्या विनंत्या हाताळणारं सिनाट्रा आणि डेटाबेसशी बोलणारं ॲक्टिव्ह रेकॉर्ड, एवढ्यावर माझं काम भागलं. मॉडेलमध्ये अटी लिहायच्या : नाव हवंच, फोन दहा अंकी. मग ‘सेव्ह’ म्हटलं की नोंद झाली तर ‘ट्रू’ मिळतं, अडली तर ‘फॉल्स’. आणि साऱ्या त्रुटी, ज्या त्या रकान्याच्या नावानं, ‘एरर्स’मध्ये एकदम जमा होतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडील आठवले. ‘सेव्ह’ला उद्गारचिन्ह जोडलं तर मात्र एक्सेप्शन उठतं, आणि ते कुणी झेललं नाही तर समोरच्याला ५०० क्रमांकाचं कोरडं पान दिसतं. फोनमधला एक अंक राहिला म्हणून सर्व्हर कोसळल्याचं पान दाखवणं मला अन्यायाचं वाटतं.

खरी गोम ‘फॉल्स’ आल्यानंतर आहे. तिथून रीडायरेक्ट केलं की ब्राउझर नवी विनंती पाठवतो, आणि भरलेली माहिती व त्रुटी धरून बसलेलं ऑब्जेक्ट आधीच्या विनंतीबरोबरच संपतं. कोरे रकाने असेही येतात. त्याऐवजी तेच ऑब्जेक्ट घेऊन तोच अर्ज पुन्हा रेंडर करायचा, ‘माहिती ग्राह्य नाही’ असं सांगणारा स्टेटस ४२२ द्यायचा, लिहिलेलं जिथल्या तिथं ठेवायचं आणि ज्या रकान्यात त्रुटी त्याच्याच खाली तिचं वाक्य. वाक्यही नीट हवं. “फोन नंबर अवैध आहे” वाचून माणूस नुसता घाबरतो. “दहा अंक लागतात, इथे नऊ आहेत” वाचून तो दहावा अंक लिहितो.

एकच फोन नंबर दोन ठिकाणांहून एकाच क्षणी आला, तर तो दुसऱ्यांदा नोंदू न देणारी मॉडेलमधली ‘युनिकनेस’ची अट पुरत नाही, डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स लागतोच. त्याचं एक्सेप्शन झेलून तेही फोनच्या रकान्याखाली साध्या वाक्यात आणता येतं.

एका निवृत्त गुरुजींचा अर्ज मात्र मला बरंच शिकवून गेला. त्यांनी फोन नंबर मराठी कळफलकावर देवनागरी अंकांत लिहिला होता. नंबर अचूक होता. पण रूबीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं ‘बॅकस्लॅश डी’ फक्त इंग्रजी अंक ओळखतं. अशा वेळी माणसाला दुरुस्त करायचं नसतं, अट दुरुस्त करायची असते. तपासणीआधीच अंक बदलून घेणारी ओळ ‘बिफोर व्हॅलिडेशन’मध्ये घातली आणि गुरुजींना काही पुन्हा लिहावं लागलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक अटीला विचारू लागलो, तू कुणासाठी आहेस? आडनावाची सक्ती गेली, कारण काही आज्या नुसतं नावच सांगतात. घर क्रमांकाचीही गेली. वस्तीवरच्या घरांना क्रमांक नाहीत. त्या जागी ‘घराची खूण’ असा रकाना आला आहे, आणि त्याला एकच अट आहे : तो रिकामा नसावा.