गुडघ्यावरचा डाग

परवा पार्लरमध्ये वॅक्सिंग करताना तिथली मुलगी माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, ‘‘ताई, भाजलं होतं का? डाग जायचं क्रीम आहे आपल्याकडे.’’ म्हटलं, राहू दे गं. भाजल्याचा नाही तो, खो-खोचा आहे. रत्नागिरीच्या तांबड्या मातीत खांबावर सूर मारताना गुडघा सोलवटला, की त्यात जांभ्याची भुकटी जाऊन बसते. मग काही केल्या निघत नाही. नववीत लागलेलं आहे ते. त्या वर्षी मी शाळेच्या टीममध्ये होते, आणि मारुती मंदिरच्या स्टेडियमवर आपण धावतोय नि अख्खी रत्नागिरी बघतेय, असं मला वाटायचं. (बघायला साधारण वीस माणसं असायची. त्यातली निम्मी आमचीच.) आता अठ्ठाविसाव्या वर्षी मी फ्रीलान्सिंग करते आणि दोन जिने चढले की धापा टाकते. असो!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सारिका काळे. धाराशिवची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोमध्ये तब्बल बावीस वर्षांनी! कोविडमुळे त्या वर्षी सोहळासुद्धा ऑनलाइन झाला. एका फीचरसाठी मी तिच्याबद्दल वाचत बसले होते आणि एका वाक्यावर अडकले. पुरस्कार जाहीर झाल्यावर तिने सांगितलं होतं, की जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवायची.

डाएट म्हणून नाही हं. आपल्याकडे हल्ली ‘मी फक्त वन मील घेते’ हे कौतुकाने सांगायची फॅशन आहे, ते वेगळं. तिच्या वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. तेराव्या वर्षी खो-खो खेळणाऱ्या मामा-काकांपैकी कुणीतरी मैदानावर नेलं आणि ती तिथलीच झाली. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते कॅम्प किंवा स्पर्धा असेल तेव्हाच. आता जरा विचार करा, खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पळायचं, नाहीतर बसलेल्याला खो द्यायचा. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक, पण तो दमला की संपला. आणि हे सगळं एका जेवणावर.

2016 च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. खो-खो तिथे पहिल्यांदाच होता. भारतीय मुलींनी गोल्ड जिंकलं, कॅप्टन सारिका. आणि त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. देशाची कॅप्टन, गोल्ड मेडल, आणि घरात पैसे नाहीत! तिचे कोच चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला परत मैदानावर आणलं. पुढे सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. घर सावरलं ते तेव्हा, मेडलने नाही.

तुम्ही म्हणाल, मग लीग वगैरे? अल्टिमेट खो-खो 2022 मध्ये पुण्यात सुरू झाली खरी, पण मुलांची. माझा मावसभाऊ बोटीवर आहे, कोकणातल्या निम्म्या घरांतला एक मुलगा असतो तसा. त्याच्याबरोबरचे फिलिपिनो क्रू मेंबर सुट्टीत मुलींचं व्हॉलीबॉल बघत बसतात म्हणे. मला खोटं वाटलं होतं. पण 2023 च्या डिसेंबरमध्ये मनिलाच्या अरानेटा कोलिझियममध्ये मुलींच्या लीगची फायनल बघायला 24,459 लोक आले होते. तिथे खेळणं हेच करिअर. आपल्याकडे मुलीने खेळायचं ते स्पोर्ट्स कोट्यातून कुठेतरी नोकरी लागेल या आशेवर. लागली तर.

आता माझं. मी का सोडलं? घरी दोन वेळ मासे-भात होता. बाबांनी बूट मागायच्या आत आणले असते. दहावीचा पावसाळा आला, मैदानात चिखल झाला, प्रॅक्टिस बंद पडली, क्लास सुरू झाला. गणपती झाल्यावर टीम परत जमली, मी गेले नाही. एवढंच! आमचे सर एका संध्याकाळी घरी आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. आईला म्हटलं, सांग क्लासला गेलेय. दाराच्या फटीतून मला त्यांची सायकल दिसत होती.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. मी नेमकी घरी होते. 19 तारखेला मी आणि आई फायनल बघत बसलो. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कॅप्टन प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदेही होती, सारिकाच्याच गावची. मॅटवर, लाइट्सखाली, कॅमेऱ्यासमोर सूर मारत होत्या. गुडघे सोलवटत नसणार, असं काहीतरी मी बोलले.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘ते तुझे सर आले होते ना गो, त्यांना मी खरं सांगितलं होतं. आत आहे म्हणून.’’

‘‘काय? आणि मला कधी बोलली नाहीस?’’

‘‘तू विचारलंस कधी?’’

‘‘मग काय म्हणाले ते?’’

‘‘काही नाही. चहा घेतला. तुझे नी-कॅप मैदानावर राहिले होते ना, ते द्यायला आले होते. ठेवून गेले.’’

‘‘कुठे आहेत?’’

‘‘असतील माळ्यावर,’’ आई म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.