चेतकचा मागचा ड्रम

पहिली चूक मी हातोडा उचलण्याच्या जवळपास दोन वर्षं आधी केली. 22 जुलै 2023 चा पाऊस यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. यवतमाळ शहरातल्या सखल भागांतही पाणी घरांत शिरलं. आमच्या अंगणात ते मांडीपर्यंत आलं होतं आणि शेडमध्ये उभी असलेली बाबांची चेतक दिवसभर त्या गढूळ पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही घर धुतलं, गाद्या वाळवल्या, धान्य उन्हात टाकलं. स्कूटरवर पाइपने पाणी मारलं, फडक्याने पुसली आणि परत शेडमध्ये लावून दिली. वरून लख्ख दिसत होती, म्हणून मी तिचा विषय संपवला. ड्रमच्या आत शिरलेला गाळ बाहेरून मारलेल्या पाण्याने निघत नाही, उलट आणखी आत बसतो. त्याच आठवड्यात चाकं उतरवून ड्रम उघडले असते तर अर्ध्या दिवसाचं काम होतं.

बाबा कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर होते. ती योजना राज्यात 1972 साली सुरू झाली आणि बजाजची चेतकही त्याच वर्षी आली. आमची स्कूटर बरीच नंतरची, पण बाबा हा योगायोग कौतुकाने सांगायचे. हंगामात ते घाटंजी, राळेगाव, पांढरकवडा अशी केंद्रं हिच्यावरच करायचे. संध्याकाळी परत आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे आणि मडगार्डखाली काळ्या मातीचे थर. दिवाळीच्या आधी, खरेदी सुरू होण्यापूर्वी, ते दरवर्षी मागचा ड्रम उघडायचे. पाने हातात द्यायला मी बाजूला असायचो. लहानपणी इतक्या वेळा पाहिलं आहे, तेव्हा आपल्याला येतंच, असं मी धरून चाललो. पाहणं आणि येणं यांत मी फरक केला नाही.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. 2025 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा चेतक पुन्हा रस्त्यावर आणायची असं मी ठरवलं. भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे आला होता, तोही उत्साहात होता. पुढच्या चाकाने फारसा त्रास दिला नाही. मागचं चाक मात्र न्यूट्रलमध्ये टाकूनही तसूभर फिरत नव्हतं. एक्सलच्या टोकाला खाचांचा नट असतो, तो हलू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घातलेली असते. पक्कड लावताच ती पिन बिस्किटासारखी तुटली. नट एका झटक्यात सुटला. सुटला तो चाक जाम होतं म्हणून, पण मला वाटलं सगळंच असं सुटणार. चाक उतरवलं. मागे राहिला नुसता ड्रम, तपकिरी पापुद्रे धरलेला.

तो का निघत नव्हता, हे मी तेव्हा पाच मिनिटं थांबून पाहिलं नाही. या स्कूटरचा मागचा ड्रम एक्सलच्या दात्यांवर बसतो. एक्सलला बाहेरून लांबट दाते, ड्रमच्या मधल्या भोकाला आतून तसेच दाते, एकमेकांत गच्च. त्या फटींत पाणी गेलं की दोन्हीकडचं लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. जागा तर नसते, म्हणून तो पाचरीसारखा दाटत जातो. हे झालं एक अडकणं. दुसरं आत होतं. ब्रेकची केबल तिच्या नळीतच गंजून धरली गेली होती, त्यामुळे ब्रेक अर्धवट लागलेला राहिला होता आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटून बसले होते. चाक फिरत नसेल तर आधी लायनर सोडवायचे, चाक फिरतं पण ड्रम निघत नसेल तर दात्यांकडे पाहायचं. माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या आणि मी मात्र एकच उपाय धरून बसलो होतो. जोर.

आधी हातोड्याने ड्रमच्या कडेवर मारलं. मग घण आणला. मग नट पूर्ण काढून थेट एक्सलच्या टोकावर ठोकलं, ड्रम मागे धरून एक्सल आत सरकेल या हिशेबाने. सात-आठ घावांत एक्सलचे पहिले आटे बसले. प्रत्येक दणका आतल्या बेअरिंगवर जात होता. दुपारी शेजारून ब्लो लॅम्प आणला. तापवलं की लोखंड फुगतं आणि पकड सैल होते, हे खरं आहे. पण ड्रमच्या पाठीमागे गिअरबॉक्सचं ऑइल सील असतं, रबराचं. त्याचा जळका वास आला तेव्हाही मी ज्योत लगेच हटवली नाही. अजून एक मिनिट, अजून एक मिनिट, असं करत राहिलो.

आणि मग पहार घेतली. ड्रम आणि इंजिनच्या केसिंगमधल्या फटीत तिचं टोक अडकवलं आणि अंगभार टाकला. आवाज फार मोठा नव्हता. ओली फांदी मोडते तसा, दबका. ड्रम जागचा हलला नव्हता. केसिंगच्या कडेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खाली मातीत पडला होता. तुटलेल्या जागी ॲल्युमिनियम आतून पांढरं, साखरेसारखं दाणेदार दिसत होतं. बाकी सगळ्या स्कूटरवर तेवढीच एक नवी, स्वच्छ जागा होती. भाचा म्हणाला, "मामा, आपण हे जोडू शकतो ना?" मी उत्तर दिलं नाही. बाबांनी इतकी वर्षं वापरलेल्या गाडीला मी एका दुपारी भेग पाडली होती, आणि ती पावसाने किंवा पुराने नव्हे, माझ्या वजनाने पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारव्हा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, बाबांच्या वेळेपासूनची ओळख. ते आधी ड्रमकडे नाही, माझ्या हातोड्याकडे बघत बसले.

"सर, कायले ठोकून राह्यले जी त्याले? पहिले हे तं पहा, अटकलं कुठं."

त्यांनी केबल कापून मोकळी केली. ब्रेकची दांडी लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच मागे-पुढे ठोकली, दहा-पंधरा वेळा. ड्रम हाताने थोडा फिरला. लायनर सुटले होते. मग डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून दात्यांच्या फटीवर थेंब थेंब सोडलं आणि चहा मागितला. मला वाटलं आता पुलर लावतील. ते उठून निघाले.

"उद्या. तेलाले त्याच्या टायमानं आत जाऊ द्या."

संध्याकाळी आणि रात्री झोपण्याआधी मी पुन्हा तेल सोडलं. तिसऱ्या दिवशी चाचांनी पुलर आणला. त्याची पाटी चाकाच्या स्टडवर नटांनी कसायची आणि मधला बोल्ट एक्सलच्या टोकावर टेकवायचा. त्याआधी बसलेले आटे कानशीने उजळून त्यांनी एक्सलवर नट थोडा परत चढवला, म्हणजे ड्रम एकदम सुटून अंगावर उडत नाही. बोल्ट अर्धा फेरा आवळायचा, त्याच्या डोक्यावर एक टोला द्यायचा, थांबायचं. पुन्हा अर्धा फेरा. तासाभरात टक्क असा खणखणीत आवाज आला आणि ड्रम हातभर ढिला झाल्यासारखा हलला, खरं तर दोन सूतच.

आत दोन वर्षांपूर्वीचा पूर होता. ड्रमच्या तळाशी काळ्या मातीचं कडं वाळून बसलं होतं आणि त्याला भेगा पडल्या होत्या, मे महिन्यात आपल्या शेतांना पडतात अगदी तशा, फक्त नखाएवढ्या.

आणि इथे मी जी चूक केली ती बाकीच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठी आहे. लायनरवर राखाडी भुकटीचा थर होता. मी वाकलो आणि तोंडाने जोरात फुंकर मारली. भाचा मोबाइलचा उजेड धरून ड्रमपासून वीतभर अंतरावर बसला होता. भुकटी त्याच्या तोंडावर उडाली, तो खोकला. चाचांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "पोराले दूर करा आधी," ते माझ्यावर ओरडले. मग ओल्या फडक्याने त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत आणि त्यांतून होणारा कॅन्सर कित्येक दशकांनी डोकं वर काढतो. एखाद्या वेळच्या फुंकरीने धोका थोडाच असतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आहे. आमच्या लायनरवर कोणतंही नाव किंवा खूण उरली नव्हती, त्यामुळे ते कशाचे होते हे आता कळायला मार्ग नाही. ॲस्बेस्टॉसचं हे सगळं मला आधी माहीत होतं. शाळेत सातवीच्या वर्गाला मी स्वतः सांगितलं होतं.

केसिंग आर्गन वेल्डिंगने जोडून घेतलं. ऑइल सील, बेअरिंग नवं टाकलं. घावांनी ड्रमची कड वाकली होती, ब्रेक लावला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा धरायचा, म्हणून ड्रमही नागपूरहून दुसरा आणला. बसवताना दात्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला, लायनरला बोट लागू न देता. हे बाबा करायचे, ते मला नीट आठवलं. नव्या पिनेची टोकं वाकवून झाल्यावर चाचांनी किक मारायला मलाच सांगितलं.

बहिणीला फुंकरीचं सांगायला मला आठ महिने लागले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "त्याला सांगितलंस का?" सांगितलं होतं, तिच्या आधी. तो म्हणाला होता, मामा, पुढच्या दिवाळीला ड्रम उघडशील तेव्हा मला बोलव, मी मास्क घेऊन येतो.